अ‍ॅनिमोन सतत आकसतोय, फिरतोय, फिका पडतोय? नवीन दिवा घ्यायच्या आधी हे बघा

सोलापुरात मरीन टँक, म्हणजे घरात खाऱ्या पाण्याची माशांची टाकी, ठेवणारे आम्ही थोडेच, पण मार्च लागला की एकमेकांना फोन सुरू होतात आणि विषय दरवर्षी तोच. अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा, तळाला चिकटून राहणारा समुद्री प्राणी) सकाळी मस्त फुललेला, दुपारी आकसून मुठीएवढा, दोन-चार दिवस परत बरा, मग पुन्हा तसंच, मग एखाद्या रात्री जागा सोडून काचेवर चढलेला, आणि महिना-दीड महिन्यात रंग उतरायला लागलेला. फोनवरचं पुढचं वाक्य पण ठरलेलं असतं, "उजेड कमी पडतोय वाटतं, मोठा एलईडी मागवू का?"

मागवू नका, निदान आत्ताच नको. मी आजवर जेवढे टँक बघितले त्यातल्या बहुतेकांमध्ये दिव्यात दम पुरेसा होता, फक्त तो रोज सारखा नव्हता. आज आठ तास, उद्या सहा, परवा मध्येच बंद होऊन परत फुल्ल, वर खिडकीतून तासभर ऊन. अ‍ॅनिमोन कमी उजेडाला सरावतो, जास्त उजेडालाही सरावतो, वेळ दिला तर. रोज बदलणाऱ्या उजेडाला तो सरावत नाही, आणि आपल्या गावात उजेड बदलायला कारणं भरपूर आहेत, जाणारी लाईट, धूळ, ऊन, सगळंच.

आधी एक सांगा, तुमच्याकडे नेमका कुठला अ‍ॅनिमोन आहे? दुकानात बऱ्याचदा नुसतं अ‍ॅनिमोन म्हणून पिशवी हातात देतात, जात विचारली की "क्लाउनफिश बसतो की यात" एवढंच उत्तर. जास्त करून दोन दिसतात. एक बबल टिप, शास्त्रीय नाव एन्टाक्मिया क्वाड्रिकलर, टेंटॅकलची, म्हणजे तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या हातांची, टोकं फुगलेली असतात (कधी कधी नसतात पण, फुगे गेले म्हणजे आजारीच पडला असं काही नाही, त्यावरून घाबरू नका), हा दगडाच्या फटीत पाय (बुडाचा चिकटणारा भाग) रोवतो. दुसरा कार्पेट, त्यातला हॅडोनी, मन्नारच्या आखातात सापडतो, हा वाळूत पाय पुरून वर सपाट पसरतो, याला वाळूचा थर चांगला चार-पाच इंच लागतो. दोघांनाही तगडा उजेड पाहिजे. पण ट्यूब अ‍ॅनिमोन म्हणून जो नळीत राहणारा मिळतो त्याला उजेडाची गरजच नाही, तो खाण्यावर जगतो, त्याच्यासाठी महागडा दिवा घेणं म्हणजे पैसे पाण्यात, खाऱ्या पाण्यात.

फरक कशामुळे, तर बबल टिप आणि कार्पेटच्या अंगात झूझॅन्थेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं अ‍ॅनिमोनला देतं, तोच त्याचा मुख्य शिधा. अ‍ॅनिमोनचा तपकिरी-हिरवट रंग बराचसा या शेवाळाचाच. ज्यांच्या अंगात हे नाही त्यांची गोष्टच वेगळी. स्कॉटलंडात सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली समुद्रकाठच्या खडकातून एक अ‍ॅनिमोन घरी आणला, तो काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगला, डॅलियेल स्वतः १८५१ मध्ये गेले, त्यांच्यामागे लोकांनी त्याला सांभाळलं, ग्रॅनी म्हणजे आजी असंच नाव पडलं होतं त्याचं. तेव्हा कुठला एलईडी आणि कुठला टायमर. पण ती आजी अ‍ॅक्टिनिया जातीची, अंगात शेवाळ नाही, समुद्राचं पाणी आणि थोडं खाणं मिळालं की खूश. हे उदाहरण सांगून कोणी बबल टिप साध्या ट्यूबलाईटखाली ठेवायला सांगत असेल तर ऐकू नका.

आता मूळ तक्रार. आकसणं प्रत्येक वेळी वाईट नसतं हे आधी डोक्यात घ्या. अ‍ॅनिमोनला तोंड एकच, खाल्लेलं आत घेतो तिथूनच आणि घाण बाहेर टाकतो तिथूनच, त्यासाठी तो अंगातलं पाणी सोडून पूर्ण बसतो आणि काही तासांत परत फुगतो. आठवड्यातून एक-दोनदा असं झालं तर सोडून द्या. रात्री दिवा बंद झाल्यावर छोटा होणं पण नेहमीचं. बघायचं काय तर तोंड. घट्ट मिटलेलं असेल तर वेळ आहे तुमच्या हातात. तोंड सैल, उघडं, आतलं दिसतंय, पाय सुटून पाण्यात लोळतोय, हात जवळ नेला तरी टेंटॅकल चिकटत नाहीत, तर मग उजेडाचा अभ्यास बाजूला ठेवा, पाणी तपासा आणि तो कुजायला लागला, वास आला, तर लगेच बाहेर काढा, नाहीतर रात्रीत सगळा टँक जाईल.

रोज साधारण ठरल्या वेळी आकसत असेल तर मात्र त्याच्यामागे काहीतरी रोजचं कारण आहे. आणि तो कुठल्या दिशेने सरकतोय ते बघा, जनावर स्वतःच सांगत असतं. अंग लांब करून वरवर ताणतोय, काचेवरून पाण्याच्या वरच्या भागाकडे चढतोय, तर त्याला उजेड कमी पडतोय. दगडाच्या कडेखाली, सावलीत घुसतोय, दिवा लागला की आकसतो आणि दिवा मंद झाला की फुलतो, तर जास्त होतोय. तोंडातून तपकिरी दोऱ्यासारखं काही बाहेर पडत असेल तर तो शेवाळ टाकून देतोय, हे बऱ्याचदा जास्तीच्या उजेडाचं नाहीतर गरम पाण्याचं लक्षण. आणि कधी वर कधी खाली, दिशा नाहीच, तर समजायचं की उजेडच एका जागी नाहीये, किंवा वेव्हमेकरचा, म्हणजे टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या पंपाचा, झोत थेट अंगावर बसतोय. वेव्हमेकरला आधी जाळी किंवा स्पंज लावा, फिरणारा अ‍ॅनिमोन त्यात अडकला की चिंधड्या होतात. आणि पाय धरून ओढून "योग्य जागी" बसवायचा मोह आवरा, पाय फाटला की तो सहसा वाचत नाही.

सगळ्यात आधी टायमर तपासा. इतक्या सोप्या जागी दुखणं असतं आणि कोणी बघत नाही. गोल चकतीचा, खिळे दाबायचा जो मेकॅनिकल टायमर असतो तो लाईट गेली की जागीच थांबतो. समजा रोज दीड तास लाईट गेली तर आठवड्यात तो साडेदहा तास मागे पडतो, म्हणजे सकाळी दहाला लागणारा दिवा रात्री साडेआठला लागायला लागतो. मधल्या दिवसांत कोणीतरी टायमर परत बरोबर करतं, अ‍ॅनिमोनचा दिवस एकदम दहा तास उडी मारतो, आणि तो आकसतो. वळवाच्या पावसाच्या दिवसात तर विचारू नका, वारा सुटला की लाईट गेलीच म्हणून समजा. डिजिटल टायमर घ्या, आत बॅटरी असलेला, आणि जुना असेल तर ती बॅटरी जिवंत आहे का ते बघा, प्लगमधून काढून तासभर ठेवायचा आणि घड्याळ पुढे गेलंय का बघायचं, बस. वायफायचा प्लग असेल तर राउटर इन्व्हर्टरवर आहे का बघा, नाहीतर लाईट आल्यावर तो प्लग आपल्या मनाने चालू नाहीतर बंद राहतो.

ज्या दिव्यात आतच कंट्रोलर असतो, सकाळी हळूहळू वाढणारा आणि संध्याकाळी हळूहळू कमी होणारा, त्याचं वेगळंच. त्यातली बटण-बॅटरी संपली की लाईट गेल्यावर तो सगळं विसरतो आणि आल्यावर थेट पूर्ण ताकदीने लागतो, किंवा डेमो मोडमध्ये जाऊन मिनिटामिनिटाला रंग बदलत बसतो. घरात कोणी नसताना हे झालं तर संध्याकाळी तुम्हाला फक्त आकसलेला अ‍ॅनिमोन दिसणार, कारण दिसणार नाही. तपासायचं तर मुद्दाम मेन बंद करून चालू करा आणि समोर उभं राहून बघा दिवा कसा उठतोय.

पुढचं कारण आपल्या गावचं खास. अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना असलेले एक काका आहेत, कारखान्याच्या ऑफिसातच त्यांचा टँक, बबल टिप आणि दोन क्लाउनफिश, एकदम हौशी माणूस. त्यांचा अ‍ॅनिमोन दुपारी अडीच-तीनला बसायचा म्हणजे बसायचा, पाण्याचे सगळे आकडे बरोबर, टायमर बरोबर. शेवटी त्यांना म्हणलं, जुना मोबाईल टँकसमोर टेकवून ठेवा, टाइमलॅप्स लावा आणि दिवसभर चालू द्या. संध्याकाळी बघितलं तर दुपारी दिवा आपोआप बंद, वीस मिनिटं अंधार, मग एकदम फुल्ल, मग परत बंद, असं तीन-चार वेळा. मी विचारलं, "काका, दिव्याचा पंखा कधी उघडून साफ केला होता?" काका म्हणाले, "त्याला पंखा असतोय होय?"

असतोय. दिवा काढला, वरचे चार स्क्रू सोडले, आणि आतल्या पंख्याची पाती दिसतच नव्हती, टॉवेलच्या रोव्यांचा मऊ पांढरा थर आणि त्यावर मिठाची खरखरीत पापडी. खालच्या हीटसिंकच्या (दिव्याची गरमी बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) ॲल्युमिनियमच्या फटी सुद्धा बुजलेल्या. हवा फिरत नाही, बाहेर बेचाळीस अंश, दिवा तापला की आतलं संरक्षण त्याला बंद करतं, थोडा गार झाला की परत चालू. जुना टूथब्रश, ब्लोअर आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, अर्ध्या तासाचं काम. पंख्याचं बेअरिंग गेलं असेल तर कॉम्प्युटर रिपेअरवाल्याकडे त्याच मापाचा मिळतो, फक्त जुन्यावर लिहिलेला व्होल्ट बघून तेवढ्याचाच घ्या. यंत्रमाग जवळ नसला तरी आपल्या गावात धूळ काही कमी नाही, उन्हाळ्यात महिन्यातून एकदा हे करायलाच पाहिजे. आणि हे करताना प्लग आधी काढा, नंतर लावताना वायरला सॉकेटच्या खाली झोल येऊ द्या म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटात जाणार नाही, खारं पाणी आणि करंट यांची मस्करी नको, ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवून घ्या, अ‍ॅनिमोन नंतर.

खिडकीचं पण बघा. डिसेंबरमध्ये टँक ठेवला तेव्हा त्या भिंतीवर ऊन यायचं नाही म्हणून आताही येत नसेल असं धरून चालू नका. सोलापूर साधारण साडेसतरा अंश अक्षांशावर आहे, मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, आणि उन्हाळ्यात तो उगवतो-मावळतो पण उत्तरेकडे सरकून. त्यामुळे जी उत्तरेची खिडकी वर्षभर थंड म्हणून आपण निवडतो तिच्यातून मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येतं, पश्चिमेच्या खिडकीचं तर बोलायलाच नको. थेट उन्हापुढे आपला एलईडी काहीच नाही, तासभर जरी टँकवर पडलं तरी त्या दिवसाचं सगळं गणित बिघडतं, पाणी तापतं ते वेगळं. रविवारी घरी बसून एकदा दिवसभर नजर ठेवा. पडदा जाड लावा, आपली सोलापुरी चादर टांगली तरी काम होतंय.

अजून एक गोष्ट जी लोकांना पटत नाही. टँक स्वच्छ केल्यावर अ‍ॅनिमोन बिघडतो. दिव्याखालची काच महिनोन्‌महिने मिठाने आणि क्षाराने पांढरी झालेली असते, पाणी पिवळसर झालेलं असतं, अ‍ॅनिमोन त्या उजेडाला सरावलेला असतो. मग पाहुणे येणार म्हणून एका दिवसात काच व्हिनेगरने लखलखीत करायची, पाणी स्वच्छ करणारा नवीन कार्बन टाकायचा, पाणी आरशासारखं, आणि दिव्याचं बटण मात्र तिथंच. त्याच्यासाठी उजेड एका रात्रीत वाढला की. काच आणि कार्बन वेगवेगळ्या आठवड्यात करा, आणि केल्यावर दिवा पंचवीस-तीस टक्के खाली घेऊन आठवडा-दोन आठवड्यांत हळूहळू मूळ जागी आणा. त्यापेक्षा दर आठवड्याला काच ओल्या फडक्याने पुसली तर हा प्रश्नच उरत नाही.

आता उष्णता, कारण उजेड आणि गरमी वेगळे काढता येत नाहीत. चोवीस ते सत्तावीस अंश पाणी हवं, अठ्ठावीसच्या वर ताण सुरू होतो, तीस-एकतीसला तोच उजेड, जो जानेवारीत छान चालत होता, तो शेवाळाला झेपत नाही, त्याच्या पेशीत घातक ऑक्सिजन तयार होतो आणि अ‍ॅनिमोन शेवाळच बाहेर टाकायला लागतो. म्हणजे मे महिन्यात फिका पडतोय म्हणून दिवा वाढवणं हे बरोबर उलटं काम आहे. कडक उन्हाळ्यात दिवा वीस-तीस टक्के कमी करा. आणि दिव्याचा दिवस पुढे ढकला, सकाळी दहा ते संध्याकाळी सात ऐवजी दुपारी चार ते रात्री बारा, म्हणजे खोलीची गरमी आणि दिव्याची गरमी एकावर एक चढत नाहीत, आणि तुम्ही पण कामावरून आल्यावर टँक बघू शकता. फक्त हे रोज अर्धा-अर्धा तास सरकवत करा, एका दिवसात नको.

पाणी गार करायला आपल्याकडे चिलरशिवाय एक उपाय चांगला चालतो, पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा लावलेला छोटा पंखा. मुंबईच्या दमट हवेत याचा फारसा उपयोग होत नाही, पण आपली एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी की दोन-तीन अंश आरामात उतरतात. किंमत मोजायची ती पाण्यात, रोज भरपूर पाणी उडतं आणि मीठ मागेच राहतं, खारटपणा चढतो, आणि अ‍ॅनिमोन आकसला की लोक परत दिव्याकडेच बघतात. म्हणून रोज ठराविक खुणेपर्यंत पाणी भरा, आणि ते साधं आरओचं, मिठाचं नाही. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (खारटपणाचं माप) १.०२५ ते १.०२६ ठेवा, रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, तो काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर भरवशाचा नाही. घरच्या पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, त्याचं पाणी शंभरच्या आसपास टीडीएस दाखवतं, तो वाल्व बंद करून टीडीएस शून्याजवळ आणा. बोअरचं पाणी तर चुकून सुद्धा नको. पाणी चार-पाच दिवसांनी येतंय, त्यामुळे आरओ भरून ठेवायला दोन झाकणाचे कॅन जास्तीचे ठेवाच.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर दिवा लावायचा का, हे खूप जण विचारतात. नको. एखादा दिवस अंधारात गेला तर अ‍ॅनिमोनचं काहीही बिघडत नाही, समुद्रात पण ढगाळ दिवस असतात. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर, रिटर्न पंप (खालच्या टाकीतलं पाणी वर आणणारा) आणि तो पाण्यावरचा पंखा ठेवा. दिवा रोजच्या वेळेला गेला-आला एवढं बघा, राहिलेले तास भरून काढायला रात्री उशिरापर्यंत चालू ठेवू नका.

एवढं सगळं नीट केलं की मग आकड्यांकडे या. उजेड मोजायचा तो पारमध्ये, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, शेवाळाच्या कामाचा उजेड. बबल टिपला साधारण १०० ते २५०, हॅडोनीला २०० ते ३५० मायक्रोमोल, दिवस आठ-नऊ तासांचा. पार मीटर महाग, कोणाकडून तासभर मागून आणता आला तर उत्तम, टँकच्या पाच-सहा जागा मोजून कागदावर लिहून ठेवा, पुढची दोन वर्षं तो कागद कामाला येतो. फोनमधलं लक्स अ‍ॅप निळ्या उजेडात फसतं, ते माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतं, त्याचा आकडा पारमध्ये बदलून काही अर्थ लागत नाही. पण एक उपयोग आहे, दिव्याखाली ठरलेल्या उंचीवर, पाण्याच्या वर, दर महिन्याला त्याच जागी फोन धरून आकडा लिहा. तोच दिवा, तीच सेटिंग आणि आकडा उतरत चाललाय, तर काच घाण झालीये किंवा एलईडी थकलेत.

तो दोन बटणांचा काळा डबा आहे ना, १६५ वॅट लिहिलेला, निळं एक आणि पांढरं एक, तो सगळ्यांकडेच असतो. प्रत्यक्षात तो लिहिलेल्यापेक्षा बरंच कमी करंट ओढतो, पण दीड-दोन फूट खोल टँकला अ‍ॅनिमोनसाठी पुरतो. पाण्यापासून दहा-बारा इंच वर टांगा, निळं चाळीस-पन्नास टक्के, पांढरं दहा-वीस टक्के इथून सुरुवात करा, मग अ‍ॅनिमोन काय म्हणतोय ते बघून आठवड्याला पाच टक्के वर किंवा खाली. पांढरा उजेड विष नाही, बरेच जण तसं समजतात, फक्त पांढरं वाढवलं की काचेवर शेवाळ लवकर चढतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दहा-बारा दिवस हात लावू नका. आज दिवा, उद्या जागा, परवा पाणी, असं केलं तर तो कशामुळे सुधारला किंवा बिघडला ते देवालाच ठाऊक.

रंग आधीच गेला असेल तर? निळा दिवा बंद करून साध्या पांढऱ्या टॉर्चच्या उजेडात जवळून बघा, निळ्याखाली आजारी अ‍ॅनिमोन पण चमकतो आणि फसवतो. टेंटॅकलच्या आत तपकिरी झाक दिसली तर शेवाळ शिल्लक आहे. काचेसारखा आरपार किंवा दुधासारखा पांढरा असेल तर ब्लीच झालाय. दुकानात असा पांढराशुभ्र अ‍ॅनिमोन "रेअर पीस" म्हणून जास्त पैशात विकतात, आणि भडक पिवळा असला तर बहुधा रंगात बुडवलेला, दोन्ही घेऊ नका. ब्लीच झालेल्याला भरपूर उजेड देणं म्हणजे आठ दिवसांच्या उपाशी माणसाला पंगतीत बसवून बासुंदीचा आग्रह केल्यासारखं आहे. त्याला कमी, ८०-१०० पारचा उजेड आणि आठवड्यातून दोन-तीनदा खाणं, कच्च्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा, मीठ-मसाला न लागलेला, चिमट्याने हळूच टेंटॅकलवर ठेवायचा, वेव्हमेकर पंधरा मिनिटं बंद. मोठा तुकडा दिला तर दुसऱ्या दिवशी ओकतो आणि पाणी घाण होतं. क्लाउनफिश तुकडा पळवतो, त्याला आधी दुसऱ्या कोपऱ्यात खायला घाला. रंग परत यायला महिने लागतात, आठवडे नाही, तेवढा धीर नसेल तर नाद सोडा.

टँकच सहा महिन्यांच्या आतला असेल तर मात्र दिव्याशी खेळून काही हाती लागणार नाही, त्यात पाणीच अजून बसलेलं नसतं, अ‍ॅनिमोन कोणाकडे तरी जुन्या टँकमध्ये सांभाळायला द्या.

आणि हे सगळं करून सुद्धा तो ताणलेलाच राहिला, वर चढायचं थांबवत नाही, मोजला तर पार शंभरच्या खाली, तर मग खुशाल नवीन दिवा घ्या. जाहिरातीतल्या प्रवाळांच्या फोटोंवर जाऊ नका, आपल्याकडे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते घरात ठेवायचेच नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी बनवलेल्या राक्षसी दिव्याचे पैसे कशाला भरायचे. डिमर नीट चालणारा, घड्याळ बॅटरीवर टिकणारा, पंखा उघडून साफ करता येणारा, एवढं असलं की झालं. घ्यायचा तर गड्ड्याची जत्रा चालू असते त्या सुमाराला, जानेवारीत घ्या. तेव्हा पाणी गार असतं, तीस-पस्तीस टक्क्यांवरून सुरू करून आठवड्याला पाच टक्के वाढवत गेलात तर मार्चच्या उन्हाआधी अ‍ॅनिमोन नवीन दिव्याला सरावलेला असतो. मे महिन्यात डबा उघडायची घाई झाली असेल तर तो माळ्यावर ठेवा आणि तोवर आधीच्याच दिव्याचा पंखा साफ करा.